वाटेवरची पावती

माझ्या लहानपणी आमच्या घरात तांब्यापितळेची भांडी भरपूर होती, आणि त्यातलं एकही आमचं नव्हतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, कल्हई करायचे. धारूरच्या पेठेतली आणि आसपासच्या खेड्यांतली भांडी पोत्यात घालून घरी आणायचे. आई भाता ओढायची. अप्पा तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कथील फिरवायचे, कापसाच्या बोळ्यानं पुसायचे, आणि काळंठिक्कर पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. ते लोकांच्या घरी जायचं. आम्ही जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, चेपलेल्या ताटल्यांत जेवायचो.

मी अकरावीला गेले तेव्हा कॉलेजात सर सांगायचे की आता देशाचे दरवाजे उघडलेत. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच झाला की लोकांच्या घरात स्टील आणि प्लॅस्टिक आलं आणि अप्पांचा भाता खुंटीला लागला. अप्पा दारोदार "कल्हईऽऽ" म्हणत फिरायचे. आतून आवाज यायचा, "आता समदं स्टीलचं हाय, अप्पा. कावून येता उन्हातान्हाचं?" आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. शेवटी अप्पांनी धंदा उलटा केला. डोक्यावर स्टीलची भांडी घेऊन जायचं, बदल्यात जुनं पितळ आणायचं आणि ते भंगाराच्या काट्यावर घालायचं. ज्या भांड्यांना जन्मभर उजळलं तीच वितळायला द्यायची.

अशा घरातून मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तेव्हाही सांगायचे, आजही सांगते.

पदवीनं नोकरी दिली नाही. मग मी बसस्टँडजवळ एक गाळा भाड्यानं घेतला, तीन जुने कॉम्प्युटर मांडले आणि पाटी लावली: टायपिंग, झेरॉक्स, इंटरनेट. त्या गाळ्याचे मालक म्हणजे मामा.

त्यांना सगळं धारूर मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. उभा जन्म बैलबाजारात दलाली केलेला माणूस. वय झाल्यावर बाजार सुटला, पण बाजाराच्या सवयी काही सुटल्या नाहीत. गाळा मला दिला खरा, पण दारातली लोखंडी खुर्ची काही दिली नाही. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी हजर. धोतर, बंडी, खांद्यावर पांढरा रुमाल. हा रुमाल म्हणजे तोंड पुसायचा चौकोन नव्हे, चांगला दोन हाताचा.

त्या रुमालाची गोष्ट अशी. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात धरतात, आणि बोटं दाबून आकडा ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. मामांनी ही रीत घरापर्यंत आणली होती. वांगी घेतानासुद्धा ते भाजीवालीपुढं रुमाल पसरायचे. ती म्हणायची, "मामा, सरळ तोंडानं इचारा की! माझा हात न्हाई रिकामा." मग तोंड पाडून, जगाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ते भाव विचारायचे.

माझे कॉम्प्युटर आले त्या दिवशी ते प्रत्येकाभोवती तीन फेऱ्या मारून आले. पाठीवर थाप मारली. वाकून मागच्या वायरी पाहिल्या.

"दात कुठं हायत ह्याचे?"

"मामा, कॉम्प्युटरला दात नसतात."

"मग वय कसं कळायचं? ज्यानं दिला त्यानं सांगितलं आन् तू ऐकलंस?"

मी हसले. महिनाभरात त्यातला एक बंद पडला आणि दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की हा तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट जुना आहे. मामा नुसते खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवत राहिले.

फोनच्या बाबतीत तर कहर. त्यांची मुलगी परळीला दिलेली. तिचा फोन माझ्या दुकानात यायचा. मामा रिसीव्हर कानाला लावायचे, "कोन?" विचारायचे, ती "दादा, मी" म्हणाली की फोन ठेवून द्यायचे. मग बंडीच्या आतल्या खिशातून वही काढायची, एकेका आकड्यावर बोट ठेवत तिचा नंबर स्वतःहून लावायचा. मुलगी रडकुंडीला यायची.

"मामा, पोटच्या पोरीचा आवाज ओळखू येत नाही का तुम्हाला?"

"येतो की. पन आवाज कुनाचाबी काढता येतो. वहीतला नंबर कुनाला काढता येत न्हाई."

गावात त्यांना अर्धवट म्हणणारे पुष्कळ होते. माझंही मत फार वेगळं नव्हतं. मी शिकलेली, ते अंगठेबहाद्दर. मनात कुठंतरी हा हिशेब असायचाच.

मग लिलावाची साइट आमच्या आयुष्यात आली. मी एकदा सहज पाहत होते, तर कुणीतरी जुना पितळी अडकित्ता विकायला ठेवला होता आणि लोक त्यावर बोली लावत होते. तसले अडकित्ते अप्पा काट्यावर किलोनं घालायचे! मी त्याच दिवशी खातं उघडलं. अप्पांच्या पोत्यातलं एक पानदान निवडलं, फोटो काढून आणला आणि ठेवलं. आठ दिवसांनी ते पुण्याच्या एका गृहस्थांना गेलं.

अप्पांना एकच दुःख झालं. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, कृपा करून वस्तू घासू नका, आहे तशी पाठवा.

"घासू नका?" अप्पा म्हणाले. "मंग मी काय करू?"

"तुम्ही निवडून आणा. खरं जुनं कोणतं ते तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

आणि अप्पा परत खेड्यापाड्यांत हिंडायला लागले, पण आता मान वर करून. माल मिळाला की घेणारा माझ्या खात्यावर दोन ओळी लिहायचा: माल चांगला, बांधणी चांगली, बोलणं खरं. असे एकतीस शेरे जमले. ते खातं म्हणजेच आमचं दुकान. अनोळखी माणूस त्या शेऱ्यांकडे पाहूनच आमच्यावर विश्वास टाकायचा. आईचं खुरपं बंद झालं होतं ते त्याच्या जोरावर. खातं गेलं असतं तर अप्पा पुन्हा भंगाराच्या काट्यापुढं उभे राहिले असते.

मामांना ही साइट फार आवडली. "हर्राशी हाय ही!" लिलावाला आमच्याकडे जुनी माणसं हर्राशी म्हणतात. शेवटची पाच मिनिटं राहिली की ते खुर्चीवरून उठून माझ्या मागं येऊन उभे राहायचे. इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण आकडे कळायचे.

"चढला! चढला बे! आता दुसरा गप बसतोय व्हय? बघ, शेवटच्या दमाला येतोय बघ!"

झेरॉक्सला आलेली माणसं कागद सोडून आमच्याकडे बघत बसायची.

त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारला होता. "ह्या बाजाराला फाटक हाय का?"

मी म्हणाले, आहे. साइटचं नाव टाइप करायचं, मग आपलं नाव आणि एक गुप्त शब्द टाकायचा. तो शब्द आपण आणि साइट सोडून कुणाला माहीत नसतो.

"म्हंजे रुमालाखालचं."

"तसंच समजा."

"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि त्यांनी मला त्यांच्या बैलजोडीची गोष्ट सांगितली. नंतर ती मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली की मला ती पाठ झाली.

तरुणपणी ते वडिलांची जोडी घेऊन दोन दिवस चालत एका लांबच्या बाजाराला गेले होते. बैल विकायचा तर गावच्या पाटलाचा दाखला लागायचा: बैल कुणाचे, रंग कोणता, शिंगं कशी. बाजाराच्या अलीकडे, बाभळीखाली एक माणूस टेबल टाकून बसला होता. टेबलावर लाल कापड, शिक्का, पावतीपुस्तक. म्हणाला, "दाखला तपासल्याशिवाय आत सोडत न्हाईत. झटकन द्या, बाजार सुटायची वेळ झाली." मामांनी दाखला दिला. त्यानं पावती फाडून दिली, म्हणाला शिक्का मारून आणतो, आणि गेला. मामा जोडी घेऊन फाटकापाशी पोचले तर तिथं तिसराच एक माणूस दाखला हातात धरून खऱ्या कारकुनाला सांगत होता: हे बैल माझे, हा गडी नुसता हाकायला ठेवलेला.

"दाखला त्याच्या हातात, कासरा माझ्या हातात," मामा सांगायचे. "कारकुनानं कुनाचं ऐकावं? बैलाला थोडंच बोलता येतंय. गावाकडून साक्षीदार येईस्तोवर जोडी इकूनबी टाकली त्यानं. बा माझ्याशी वरीसभर बोलला न्हाई."

त्या दिवसापासून मामांचा एकच नियम: पावती वाटेवर फाडायची नाही, फाटकाच्या आत फाडायची. वाटेवर कुणी कितीही मोठा शिक्का दाखवो.

मी ही गोष्ट करमणूक म्हणून ऐकायचे.

त्या वर्षी अप्पांना एका खेड्यात घोडेस्वाराचा अडकित्ता मिळाला. मुठीवर स्वार, घोड्याचं तोंड म्हणजे पातं, नजर ठरत नव्हती. एका म्हातारीनं तो स्टीलच्या दोन बादल्यांच्या बदल्यात दिला होता. मी तो साइटवर ठेवला आणि बोली चढायला लागली. इतकी की अप्पा रोज दुपारी येऊन आकडा विचारायचे आणि ऐकून परत जायचे.

शेवटचा दिवस. लिलाव संपायला दोन तास होते. तेवढ्यात ईमेल आली. वर साइटचं चिन्ह, तेच रंग, इंग्रजी एकदम कचेरीतलं. मजकूर असा: प्रिय सदस्य, आपल्या खात्यात गैरप्रकार आढळला आहे. एका तासात आपली माहिती पडताळून दिली नाही तर खातं कायमचं बंद होईल आणि चालू लिलाव रद्द होतील. खालील ओळीवर दाबा.

आमच्यासारख्या घरांत कचेरीचा कागद आला की आधी आपलीच काहीतरी चूक झाली असं वाटतं. अप्पांचं तसंच व्हायचं. मी पदवी घेतली तरी ते रक्तातून गेलेलं नव्हतं. कोणता गैरप्रकार, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. मी ओळीवर दाबलं. साइटचं पान उघडलं, अगदी रोजच्यासारखं. नाव टाकलं. गुप्त शब्द टाकला. खाली बँकेच्या कार्डाचा नंबरही मागितला होता. पर्स उघडून मी कार्ड शोधायला लागले.

"काय झालं, माय?" मामा दारातून म्हणाले. "तोंड कावून पडलंय?"

"काही नाही. साइटची नोटीस आहे. माहिती भरून द्यायचीय, नाहीतर खातं बंद करतायत."

खुर्ची करकरली. ते माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"कोन बंद करतंय?"

"साइट."

"तू फाटकातून गेलीस का त्यांनी वाटेवर बोलावलं?"

"मामा, आत्ता नको. वेळ नाही माझ्याकडे."

"वेळ कुनी ठरवली?"

"त्यांनीच. एक तास दिलाय."

"तुझं नाव घेतलंय का त्यात?"

मी पाहिलं. प्रिय सदस्य. पण मला तेव्हा राग आला होता, भीतीनं येतो तसा. "मामा, तुम्हाला इंग्रजी येतं का? मला येतं. मी ग्रॅज्युएट आहे. मला वाचता येतंय काय लिहिलंय ते."

"मला न्हाई येत," मामा शांतपणे म्हणाले. "काय मागतायत तेवढं मराठीत सांग."

"नाव, कार्डाचा नंबर आणि गुप्त शब्द."

"गुप्त शब्द? जो तू आन् साइट सोडून कुनाला ठावं न्हाई, तो?"

"हो!"

"ज्याचा हात रुमालाखाली हाय त्यानं आकडा कावून इचारावा, माय? त्याला तर ठावंच हाय. जो इचारतोय त्याचा हात रुमालाखाली न्हाई."

मला ते ऐकू आलं, पण कळलं नाही. कार्डाचा नंबर टाकून झाला होता, माझा हात पाठवायच्या बटणाकडे चाललेला. तेवढ्यात मामांनी जे केलं ते धारूरमध्ये पुढं पुष्कळ दिवस सांगितलं जात होतं. दोन ढांगांत ते भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. तिन्ही कॉम्प्युटर, झेरॉक्स, पंखा, सगळं बंद. बाजूच्या कॉम्प्युटरवर एक जण नोकरीचा अर्ज टाइप करत होता, त्यानं डोक्याला हात लावला. "मामा, काय केलंत हो! दोन पानं गेली माझी!"

"तुझी दोन पानं गेली, तिचा बैल चाललाता," मामा म्हणाले. मग मला म्हणाले, "आता लाव परत. आन् आपल्या पायानं फाटकातून जा."

मी रागारागानं स्विच वर केला. कॉम्प्युटर सुरू व्हायला, फोनची लाइन लागायला किती वेळ गेला कोण जाणे, मला तो जन्माएवढा वाटला. मी साइटचं नाव स्वतः टाइप केलं. आत गेले.

खातं जागेवर होतं. एकतीस शेरे जागेवर होते. घोडेस्वार जागेवर होता आणि त्यावर आणखी एक बोली चढली होती. साइटची स्वतःची पेटी असते, सदस्याला काही सांगायचं तर ते तिथं सांगतात. ती उघडली. नोटीस वगैरे काहीही नव्हतं.

मग मी ती ईमेल पुन्हा उघडली, या वेळी काही न दाबता, आणि थंड डोक्यानं पाहिली. ज्या ओळीवर दाबायला सांगितलं होतं त्यावर नुसता बाण नेला की खाली खरा पत्ता दिसतो. तिथं साइटचं नावच नव्हतं. नुसते आकडे होते, आणि पुढं कुठलंतरी तिसरंच नाव. मगाशी ते पान माझ्यापुढं उघडं असतानाही वर हाच पत्ता असणार. मी फक्त चिन्ह आणि रंग पाहिले होते. टेबलावरचं लाल कापड आणि शिक्का.

मी गुप्त शब्द बदलला. ईमेल साइटकडे कळवायला पाठवून दिली. मग खुर्चीतून उठून मामांपुढं उभी राहिले.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलं कुठं? दाखला हातातच हाय तुझ्या." आणि पुढं म्हणाले, "ग्रॅज्युएट हायस म्हनून लगेच परत लावता आलं. मला नुसतं बंद करता येतं."

त्या सायंकाळी घोडेस्वार पुण्याला गेला. अप्पा दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीकडं जाऊन स्टीलचे दोन मोठे हंडे देऊन आले. ती म्हणाली, "हे कशाचे?" अप्पा म्हणाले, "राहिलेले."

पेठेतल्या एका सरांचंही त्या साइटवर खातं होतं. जुनी नाणी विकायचे. त्यांनाही तीच ईमेल आली होती, आणि त्यांच्या घरी मेन स्विच ओढणारं कुणी नव्हतं. दोन दिवसांत त्यांच्या नावावर कुणीतरी महागडे मोबाईल विकायला ठेवले, लोकांकडून पैसे घेतले, आणि शिव्या सरांना आल्या. ते माझ्याकडे आले. मी त्यांच्याबरोबर बसून साइटला सगळं लिहिलं, बँकेत जाऊन कार्ड बंद करायला लावलं. खातं त्यांना परत मिळालं, पण शेरे घाण झाले ते झालेच. त्यांनी नाणी विकायचं सोडून दिलं.

मामांनी त्यानंतर दुकानाचा ताबाच घेतला म्हणायला हरकत नाही. माझ्याकडून फळ्यावर खडूनं लिहून घेतलं: घाई करणारा आपला नाही. पत्रातून गुप्त शब्द विचारणारा साइटचा नाही. पत्रातल्या ओळीवर दाबू नये, पत्ता स्वतः टाइप करावा. शंका आली तर उठून मामांना विचारावं. शेवटची ओळ त्यांनी आग्रहानं घातली. गिऱ्हाईक कॉम्प्युटरपुढं बसलं की ते मागून जायचे आणि विचारायचे, "फाटकातून आलास का वाटेवरून?" नव्या माणसाला वाटायचं हे पत्ता विचारतायत. तो म्हणायचा, "बसस्टँडवरून आलो." सगळं दुकान हसायचं, आणि मग कुणीतरी त्याला बैलजोडीची गोष्ट सांगायचं. मामा स्वतः ऐकत बसायचे, दुसऱ्याची असल्यासारखी.

पुढं मुलीनं त्यांना परळीला न्यायचं ठरवलं. जायच्या आधी त्यांनी गाळा विकायला काढला. मोठी गिऱ्हाइकं होती. एक दिवस ते दुपारी मला म्हणाले, "चल, हात दे." आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल पसरला.

"मामा, बाईमाणसाचा हात धरतात का रुमालाखाली?"

"आजवर न्हाई धरला. पन सौदा तुझा हाय. अप्पाचा कशाला धरू?"

मी हात घातला. त्यांची बोटं खरखरीत आणि गरम होती. त्यांनी दोन वेळा दाबलं, मी एकदा. मला तो हिशेब धड येतही नव्हता, पण त्यांनी मान हलवली आणि रुमाल काढला. कितीला, ते सांगत नाही. ते रुमालाखालीच बरं.

परळीहून त्यांचा फोन यायचा. "माय, मी" म्हणाले की मी फोन ठेवायचे, वहीतला नंबर काढायचे आणि आपणहून लावायचे. पलीकडून ते इतके खूश होऊन हसायचे की पहिली दोन मिनिटं बोलणंच व्हायचं नाही. शेवटपर्यंत असंच चाललं.

गाळा आता माझ्या नावावर आहे. ते खातं कधीच कुणाच्या हाती गेलं नाही, आणि त्यावरचे शेरे एकतिसावर थांबले नाहीत. आमच्या घरात, दारातून आत आलं की समोर, पितळेचा एक मोठा हंडा ठेवलेला आहे. अप्पा रोज सकाळी तो घासतात. तो कुणाचा नाही, आमचा आहे.